"यात तू कुठे आहेस?" असं चित्रकलेच्या सरांनी विचारलं तर

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, अकरावी सायन्सला असलेली मुलगी लिहिते: एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, या शासनाच्या चित्रकला ग्रेड परीक्षांत, दोन्हींत ए ग्रेड मिळाली. कुणाचाही फोटो दिला तर हुबेहूब काढते, इन्स्टाग्रामवर टाकते, लाइक्स येतात, ओळखीच्या लोकांनी पैसे देऊन पोर्ट्रेटही करून घेतले. पण शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी वही चाळली आणि विचारलं, "यात तू कुठे आहेस?" तेव्हापासून हात थांबला आहे. स्वतःची शैली कशी सापडते? गावात गॅलरी नाही, क्लास नाही. आणि बाबा विचारतात, याचा उपयोग काय?

मी वाशीम-यवतमाळकडच्या खेड्यांतल्या पोरांना बरीच वर्षं चित्रकला शिकवत आलो आहे. वर्गातली सवय म्हणून तुला 'तू' म्हणतो.

आधी 'शैली' हा शब्द काही दिवस बाजूला ठेव. तुझी अडचण शैलीची नाही. तुझी अडचण ही आहे की चित्रात काय असावं हे तू आजवर एकदाही ठरवलेलं नाहीस. आठवून बघ. ग्रेड परीक्षेच्या वस्तुचित्रात घडा, बाटली, फडकं सगळं मांडून ठेवलेलं होतं आणि कुठून बघायचं तेही बैठकीच्या नंबरावर ठरलं. स्मरणचित्राचे विषय छापून आले. संकल्पचित्रात कोणत्या आकारात नक्षी भरायची तेही प्रश्नपत्रिकेने सांगितलं. मग तू फोटोंकडे वळलीस. फोटोत प्रकाश कुठून घ्यायचा, चेहरा किती वळवायचा, कागदाची कड कुठे येऊ द्यायची, हे फोटो काढणाऱ्याने ठरवून टाकलेलं असतं. तुझ्या वाट्याला शेवटचं काम आलं, नीट उतरवून घेण्याचं. ते तू उत्तम केलंस. सरांनी विचारलं ते त्या आधीच्या सगळ्या कामाबद्दल.

यात तुझं काही चुकलेलं नाही. शाळेत हे असंच शिकवलं जातं आणि मीही असंच शिकवतो, कारण वर्गात साठ पोरं असतात, तास पस्तीस मिनिटांचा असतो आणि वर्षाअखेर परीक्षा असते. शिवाय तयार हात ही लहान गोष्ट नाही. हात तयार नसला की मनात आलेलं कागदावर येत नाही आणि माणूस वैतागून सोडून देतो. तुझ्याकडे तो आहे, तो सांभाळ.

मग करायचं काय? एक गोष्ट करू नकोस, ती आधी सांगतो. "मी कोण आहे" याचा विचार करत कोरा कागद घेऊन बसू नकोस. तसे बसलेले पुष्कळ विद्यार्थी मी पाहिलेत आणि त्यांची चित्रं मला न बघता सांगता येतात. अर्धा चेहरा माणसाचा, अर्धा कवटीचा. छातीत पिंजरा, पिंजऱ्यात पक्षी. डोक्यातून उगवलेलं झाड. डोळ्यातून सांडणारा रंग. अगदी आतलं म्हणून काढलेलं हे सगळं मोबाईलवर हजार ठिकाणी पाहिलेलं असतं. आत डोकावायला गेलं की आधी हाताला लागतं ते बाहेरून येऊन साठलेलं.

माझा अनुभव असा की माणूस चित्रात येतो तो निवडीतून. हे काढलं, ते सोडलं. इथे जोर दिला, तिथे नुसती रेघ मारली. पण एका बोंडावरून वावराचा अंदाज येत नाही, तसा एका चित्रावरून या निवडीचा काही पत्ता लागत नाही. ढीग साचावा लागतो, आणि साचल्यावर तो तुझा तुलाच वाचावा लागतो. म्हणून कामाचे दोन भाग करतो: आधी साचवणं, मग वाचणं.

किती साचवायचं, किती दिवस, हे तुझ्या परिस्थितीवर आहे. अकरावी सायन्सचा अभ्यास आहे. घरी कामं असतील. वेचणीच्या दिवसांत तर आपल्याकडे सकाळी घरात कुणी सापडत नाही. मुलगी म्हणून एकटीने वही घेऊन पांदणीत बसणं तुझ्या गावात चालतं की नाही, मला ठाऊक नाही. चालत नसेल तर अंगणातून, ओट्यावरून, खिडकीतून काढ; त्याने चित्र कमी दर्जाचं होत नाही. रोज तासभर मिळाला तर उत्तम. दहा मिनिटं मिळाली तर दहा मिनिटांची चित्रं काढ, आणि ती दहा मिनिटांचीच राहू दे, दुसऱ्या दिवशी सजवायला बसू नकोस.

एक वही वेगळी कर. या वहीला तीन नियम. फोटोवरून काही काढायचं नाही. खोडरबर वापरायचा नाही. रेघ चुकली तर शेजारी दुसरी मारायची. आणि प्रत्येक पानावर तारीख, वेळ, जागा लिहायची. चौथी गोष्ट नियम म्हणून नाही, विनंती म्हणून सांगतो: ही वही इन्स्टाग्रामवर टाकू नकोस, निदान वर्षभर तरी. लाइक्स वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. पण कोणत्या चित्राला लाइक्स येतात हे एकदा कळलं की पुढची निवड हात आपोआप त्यांच्या बाजूने करायला लागतो, आणि आपल्याला तर तुझी निवड बघायची आहे. पोर्ट्रेट दुसऱ्या वहीत चालू ठेव, त्याचे पैसे येतात तेही येऊ दे.

फोटो का नको, हे जरा नीट सांगतो, कारण तुला ते सगळ्यात जड जाईल. एप्रिलमधल्या दुपारी अंगणात जा आणि निंबाच्या सावलीचा मोबाईलवर फोटो काढ. फोटोत एकतर सावली काळी ठिक्कर येईल किंवा ऊन पांढरंफटक. आता तिथेच बसून डोळ्यांनी बघ. सावलीत माती दिसते, शेणाने सारवलेल्याचा हिरवट रंग दिसतो, वरून आभाळाचा निळा उजेड पडलेला दिसतो, समोरच्या भिंतीवरून परत आलेलं ऊन दिसतं. कॅमेऱ्याला इतकं उजळ आणि इतकं गडद एका वेळी नीट धरता येत नाही, म्हणून तो एक बाजू सोडून देतो. डोळा मात्र दोन्हींकडे आळीपाळीने बघून घेतो. आपल्याकडच्या उन्हात हा फरक फार मोठा आहे. फोटोवरूनच काढत राहिलीस तर ज्या उजेडात तू वाढलीस तो तुझ्या चित्रात कधी येणारच नाही.

आता विषय. वहीच्या सुरुवातीला एक गोष्ट निवड आणि तीच पुन्हा पुन्हा काढ. ती 'चित्रासारखी' नसलेली बरी. घराचा कोपरा, पाण्याची टाकी, फवारणीचा पंप, सायकल, कुटाराचा ढीग, काहीही. पहिल्या काही वेळा तुला ती वस्तू म्हणून दिसेल. मग कंटाळा येईल. कंटाळा आल्यावर जे काढशील त्यात मला रस आहे, कारण तोवर वस्तूबद्दल ठाऊक असलेलं सगळं काढून झालेलं असतं आणि डोळे खरोखर बघायला लागतात.

इथे आपल्या भागातली एक मोठी अडचण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या चित्रकला स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो. 'शेतकरी' हा विषय असला की हॉलमध्ये एकच चित्र शंभर कागदांवर येतं. भेगाळलेली जमीन. वठलेलं झाड. झाडाखाली डोक्याला हात लावून बसलेला, पागोटं घातलेला म्हातारा. फांदीला दोर. वर लाल सूर्य. या चित्राला बक्षीस मिळतं हे पोरांना ठाऊक झालेलं आहे, आणि त्यांच्या सरांनाही.

हे चित्र काढणारी बहुतेक पोरं शेतकऱ्याचीच असतात. तरी त्यातली जमीन पिवळी किंवा तांबूस असते. आपली जमीन काळी. सकाळी शाळेत येताना तिच्यावरून चालत आलेला पोरगा ती पिवळी रंगवतो, कारण ज्या पोस्टरवरून त्याने ते चित्र उचललं त्यात ती पिवळी होती. आणि भेगा! काळी कसदार जमीन पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते. दर उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. ज्या वर्षी कापूस चांगला पिकला, भाव चांगला मिळाला, त्या वर्षीच्या मे महिन्यातही भेगा पडतात, एखादीत हात जाईल एवढ्या. घरचे लोक त्या भेगांकडे बघून रडत बसत नाहीत. जमीन तापते आहे म्हणतात, नांगरून पडू देतात. बाहेरच्या माणसाला भेग म्हणजे दुष्काळ वाटतो. आपल्या पोराला तसं वाटावं, हे मला खटकतं.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी फांदीच्या दोराची ती घटना खरोखर घडलेली होती. त्याने असं चित्र कधी काढलं नाही. त्याने पंप काढला, पाठीवरचा फवारणीचा पंप, भिंतीला खिळ्यावर टांगलेला. पुढल्या पानावर परत तोच. पट्ट्याला एका जागी सुतळीने बांधलेलं होतं, ती गाठ त्याने दरवेळी अगदी बारकाईने काढली. बाकी पंप कधी अर्धा, कधी नुसती बाह्यरेषा. मी काही विचारलं नाही. एकदा तोच म्हणाला, "सर, ते बाबानं बांधलं होतं." स्पर्धेला ती चित्रं पाठवावीत असं आम्हां दोघांनाही वाटलं नाही. शेतकऱ्याच्या दुःखाचं चित्र काढू नये, असं मी म्हणत नाही. पण दुःखाचा तयार छाप मिळाला की खरं दुःख त्याच्यामागे झाकलं जातं, हे मी स्पर्धांच्या हॉलमध्ये पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तयार छाप दुःखाचाच असतो असंही नाही. बैलबंडी, मावळता सूर्य, डोक्यावर घागरी घेतलेल्या तीन बाया, हा सुखाचा छाप. तोही कॅलेंडरवरून आलेला. आपलं गाव काढलं की चित्र आपलं झालं, असं होत नाही.

वारलीचंही तसंच. आपल्याकडच्या कितीतरी शाळांच्या भिंती वारली चित्रांनी रंगवलेल्या आहेत. कला सुंदरच आहे. पण ती डहाणू-पालघरकडची, लग्नाच्या वेळी घरातल्या बायकांनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहायची. जिव्या सोमा म्हशे यांनी ती विधीबाहेर कागदावर-कापडावर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्रिकोणी माणसं आणि तारपा हे फुंकवाद्य यवतमाळच्या भिंतीवर काढताना आपण त्यांची नक्कल करतो, एवढं भान ठेवावं. गोंड चित्रकलेचं उदाहरण तर मला जास्त बोलकं वाटतं. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचा जनगढ सिंह श्याम हा परधान समाजातला तरुण घरांच्या मातीच्या भिंतींवर चित्रं काढायचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्यामुळे तो भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आला आणि कागद-कॅनव्हासवर काढू लागला. ठिपक्यांनी, बारीक रेघांनी भरलेले ते प्राणी आज आपण 'पारंपरिक गोंड शैली' म्हणून ओळखतो. जाणकार त्याला 'जनगढ कलम' म्हणतात, म्हणजे एका माणसाच्या नावाने. ज्याला आपण परंपरा समजून उचलतो, त्यात एका तरुणाने आपल्या देवांच्या गोष्टींना रूप देताना केलेल्या निवडी आहेत. ठिपके उचलले म्हणून त्या निवडी आपल्या होत नाहीत.

मग आपल्याकडचं काय बघायचं? बघण्यासारखं भरपूर आहे, फक्त ते कुणी 'कला' म्हणून दाखवलेलं नाही. पोळ्याला बैलाच्या अंगावर उठवलेले ठसे आणि शिंगांचे रंग. नागपूर-वर्ध्याकडे तान्ह्या पोळ्याला पोरं घेऊन फिरतात ते लाकडी बैल. त्यांच्या मानेचा बाक प्रत्येक सुताराचा वेगळा असतो. भुलाबाईच्या मूर्ती. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे रंगवलेले पडदे, ज्यांत राजवाडा आणि जंगल एकाच रात्री येऊन जातात. हे सगळं नक्कल करायला सांगत नाही. कुणीतरी हाताने निवड केलेली आहे, ती कशी केली, एवढं बघायला सांगतो. सुताराने बैलाचे पाय का आखूड ठेवले? चाकांच्या पाटावर तो उभा राहिला पाहिजे म्हणून. असे प्रश्न विचारायची सवय लागली की स्वतःच्या चित्रालाही विचारता येतात.

सामानाबद्दल थोडक्यात. महागडं काही लागत नाही. एका बाजूने छापलेले कागद, बॉलपेन, पेन्सिल पुरे. कोळसा घरी कर: तुरीच्या किंवा कापसाच्या वाळल्या काड्या, पेन्सिलीएवढ्या जाड, साल काढून झाकणाच्या टिनाच्या डब्यात गच्च भर, झाकणाला खिळ्याने एक भोक पाड आणि डबा चुलीच्या इंगळात ठेव. भोकातून धूर यायचा थांबला की बाहेर काढ, पण पूर्ण थंड होईस्तोवर उघडू नकोस, हवा लागली की आतल्या काड्या पेट घेतात. रंग हवाच असेल तर गेरू, चुना आणि काजळी. अजिंठ्याच्या भिंतींवरचे बरेचसे रंगही अशा माती-दगडांचे आणि काजळीचेच आहेत. धावड्याचा किंवा बाभळीचा डिंक रात्री भिजत घालून गाळून मिसळायचा. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर चमकतो आणि तडकतो. हळद आणि पळसाच्या फुलांचा रंग सुरेख दिसतो, पण उजेडात उडून जातो. काळी माती रंग म्हणून वापरून बघ जरूर. ती कागदावरही आकसते आणि भेगा पाडते.

आता वाचण्याचा भाग. तीनचार महिन्यांनी, दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत, वहीची पानं सुटी कर आणि घरात जमिनीवर तारखेप्रमाणे पसरून ठेव. चांगलं चित्र कोणतं, वाईट कोणतं, हे त्या दिवशी ठरवायचं नाही. उभं राहून फक्त बघायचं. काय मोठं आलं आहे? काय नेहमी कडेला गेलं आहे? कुठे पेन्सिल कागदात रुतली आहे, कुठे नुसती टेकवली आहे? कुठली गोष्ट समोर असूनही एकदाही काढलेली नाही? डोळ्यांची पातळी कुठे आहे? हे प्रश्न कोरडे वाटतात, पण उत्तरं तशी नसतात.

एका मुलाची पानं आम्ही अशी वर्गात पसरली होती. बैल, विहीर, आई, रस्ता, सगळं त्याने वरून पाहिल्यासारखं काढलं होतं. बैलाची पाठ आणि शिंगं, आईचा भांग आणि खांदे. त्याने हे मुद्दाम केलेलं नव्हतं; त्याला ते त्या दिवशीच दिसलं. रानडुकरांपासून पीक राखायला तो लहानपणापासून वावरातल्या माळ्यावर बसायचा, संध्याकाळ व्हायच्या आधीपासून रात्रीपर्यंत. जग त्याने तिथून पाहिलं होतं. त्यानंतर तो जाणूनबुजून वरून काढायला लागला आणि त्याची चित्रं एकदम धीट झाली. तुझ्या भाषेत सांगायचं तर त्याला शैली मिळाली. पण आधी त्याला माळा सापडला.

दुसरी एक मुलगी तांड्यावरची. घरचे दरवर्षी ऊसतोडीला जायचे, ती आजीजवळ राहायची. तिच्या वहीत माणसं फार थोडी. गाठोडी होती. वळकटी, सुतळीने बांधलेलं भांड्यांचं पोतं, दोरीने आवळलेली पेटी. मी विचारलं, "काय दिसतं?" ती म्हणाली, "सगळं बांधलेलं हाय." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली की बांधलेलं सामान पाहिलं की तिला पोटात कसंतरी होतं, पण काढताना तसं होत नाही. मी त्यावर पुढे काही बोललो नाही. ही जागा शिक्षकाने जपायची असते. "तुला आईची आठवण येते म्हणून तू गाठोडी काढतेस" असं म्हणणं मला सोपं होतं, आणि तसं म्हटलं असतं तर पुढचं प्रत्येक गाठोडं तिने माझ्यासाठी काढलं असतं. तुझी पानं कुणाला दाखवशील तेव्हा त्यालाही एवढंच सांग: अर्थ सांगू नका, काय दिसतं ते सांगा.

दाखवायला चित्रकारच हवा असं नाही. ज्याची वस्तू आहे त्याला चित्र दाखव. एका पोराने आजीची चूल काढून तिला दाखवली तर ती म्हणाली, "माह्या चुलीचं तोंड असं नाई बाप्पा, धूर कुठून जाईन?" इतकी नेमकी टीका मला कलादालनात क्वचित ऐकायला मिळते. तो परत गेला, चुलीजवळ बसला, चुलीचं तोंड आणि धुराडं यांचं नातं त्याला कळलं आणि दुसरं चित्र खरं झालं.

सगळ्यांना असं काही सापडतंच, असंही सांगत नाही. काहींची पानं पसरली तर एवढंच दिसतं की या पोराला मोजमापात रस आहे. रेघा सरळ, कोपरे काटकोनात, माणसं जवळपास नाहीतच. असा एक जण आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिलला गेला आणि खुशीत आहे. एक मुलगी म्हणाली, मला चित्र काढायला नाही, लोकांना बसवून त्यांच्याशी बोलायला आवडतं. तेही तिला चित्रांनीच सांगितलं. चित्रातून स्वतःचा पत्ता लागला म्हणजे चित्रकारच व्हायचं, असा नियम कुठे आहे?

आणि वेळ लागतो. चित्रकार सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या मंडल्याकडच्या जंगलातल्या गावी जन्मले, नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, आणि १९५० मध्ये फ्रान्सला गेले. तिथे त्यांनी निसर्गचित्रांवर नाव कमावलं. ज्या 'बिंदू'मुळे आज आपण त्यांना ओळखतो तो त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. ते सांगत की शाळेत मन लागत नव्हतं तेव्हा मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसायला लावलं होतं. ही गोष्ट लोक फार गोड करून सांगतात, जणू ठिपका दिसला आणि चित्रकार झाला. ठिपका आणि बिंदू यांच्या मध्ये अनेक दशकांचं काम आहे, त्यात नावाजलेली कितीतरी चित्रं आहेत ज्यांत बिंदू नाही. तू सतरा वर्षांची आहेस. सरांच्या प्रश्नाचं उत्तर या सहामाहीत द्यायचं नाही.

बाबांचा प्रश्न राहिला. तो मला गैर वाटत नाही. पैसे त्यांना भरायचे आहेत. या वहीचा उपयोग कमाईसाठी नाही, हे त्यांना सरळ सांग. कमाईचा विचार वेगळा करू. बारावीनंतर बीएफए, म्हणजे कलेची पदवी, चार वर्षांची असते, तिच्या प्रवेशासाठी राज्याची एमएएच-एएसी-सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असे तिचे भाग आहेत. सायन्सला असल्याने काही अडत नाही. यासाठी ग्रेड परीक्षेत शिकलेलंच कामाला येतं, म्हणून तुझी जुनी वही बंद करायची नाही. दोन्ही वह्या चालू ठेव, एकीत दुसरीचे नियम आणू नकोस. उपयोजित कलेला काम लवकर मिळतं: छपाई, जाहिरात, पॅकिंग, मोबाईलवरचं डिझाइन. रेखा आणि रंगकलेला उशिरा मिळतं आणि तेही बेभरवशाचं. कलाशिक्षकाच्या जागा फार निघत नाहीत, तेव्हा त्यावर सगळं ठरवू नका. बारावीला सायन्स सोडू नकोस; सीईटीत जमलं नाही तर दुसरी वाट उघडी राहते.

नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन लागतं तेव्हा बाबांना सोबत घेऊन जा. तारीख आधी फोन करून विचार, म्हणजे एसटीचं भाडं वाया जायचं नाही. चित्रं तू बघ. बाबांना तिथल्या पोरांशी बोलू दे. कुठल्या गावचा, फी किती, सामानाला वर्षाला किती लागतात, होस्टेलचं काय, गेल्या वर्षी पास झालेले आता काय करतात. हे प्रश्न ते तुझ्यापेक्षा चांगले विचारतील.